कारभाऱ्याची मराठी

अन्याय प्रज्ञा वाहुळे हिच्यावर झाला. फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी, दुपारी, मध्यंतराचा चहा संपून सभागृहातले दिवे पुन्हा मालवले जात होते तेव्हा. आमच्या विभागप्रमुखांनी तिच्या हातातला माईक काढून घेतला, हसत हसत, ‘दमली असशील’ असं म्हणत. ती दमलेली नव्हती. पत्रकं लिहायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा हेच शिकवलं गेलं, की कुणावर, केव्हा आणि कुणी हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं, कारण पुढच्या ओळीपर्यंत माणूस पत्रक दुमडून त्यात भजी बांधून घेतो. म्हणून आधी तेवढं लिहून टाकलं. आता सावकाश सांगते. आठवणी लिहायला केस पांढरे व्हावे लागतात असं आमचे एक काका म्हणतात. माझी तिशीही उलटलेली नाही, पण केस पांढरे व्हायची वाट बघत बसले तर ज्यांना हे आठवतं ते सगळे ‘आता नीट आठवत नाही’ म्हणायला मोकळे होतील. सरांचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात तो माणूसच तसा होता, आणि बाकीचे सुटतात.

आमचं घर चारकोपला, सेक्टरातल्या बैठ्या घरांच्या रांगेत. आजोबा गिरणीत होते, बाबा शाळेची बस चालवतात. मागच्या बाजूला इंडस्ट्रियल इस्टेट, तिथल्या प्रेस मशीनचा धप्प धप्प आवाज दिवसभर भिंतीतून यायचा, इतका की रविवारी तो बंद असला की आई म्हणायची, घर कसं आजारी असल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात ती सगळ्या रांगेचा मसाला भाजून द्यायची आणि त्या धुरात खोकत खोकत मी परीक्षेचा अभ्यास करायचे. मला खरं तर पत्रकारिता शिकायची होती, तिथे नाव लागलं नाही. रशियन आणि तिच्या बहिणी-भाच्या असलेल्या भाषांचं साहित्य नि चित्रपट, असा एक अभ्यासक्रम होता, जिथे बाकं रिकामी असायची, तिथे लागलं. मामा म्हणाला, ‘मगे आता रशियात जाऊन बांगडे इकतलंस काय गो?’ घरभर हसले. मीही हसले. पण पहिल्याच सहामाहीत एक कादंबरी वाचताना मला कळलं की ज्या गावात वर्षातून अर्धा वेळ बर्फ असतं तिथली सासूसुद्धा सुनेच्या हातच्या जेवणाला नावं ठेवते, आणि मग माझं हसणं संपलं. मी ती भाषा अधाशासारखी शिकायला लागले. त्या कादंबरीत बीटाचं सार होतं. आईला मी वर्णन करून सांगितलं, तिने केलं, आंबटपणासाठी कोकम टाकलं, वर नारळाचं दूध. ताटात बघून बाबा म्हणाले, ‘ह्या काय गो, रगतासारख्या?’ आणि दोनदा घेतलं. मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात कौतुकाने सांगितलं. सर ऐकून घेऊन म्हणाले, ‘छान. आपण असं करू या का, स्वयंपाकघर घरीच ठेवू या.’

हे ‘आपण असं करू या का’ सरांचं होतं. विभागात पाय ठेवलेल्या प्रत्येकाने ते ऐकलंय. आपण असं करू या का, हा निबंध पुन्हा लिहून आणू या. आपण असं करू या का, खिडकीपाशी बसणाऱ्यांनी पुढे येऊ या. त्यात ‘आपण’ कुणी नसायचं, करायचं ते समोरच्यानेच. सर कधी ओरडले नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळ्यांनी मला हेच ऐकवलं की अगं, ते कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत. त्यांची मराठी इस्त्री केलेल्या शर्टासारखी होती. आमची मराठी त्यांना चुरगळलेली वाटायची. कुणी ‘भारी आहे’ म्हटलं की ते डोळे मिटून घ्यायचे, दाढ दुखावी तसे. विभाग मजल्याच्या टोकाला, शेजारी मुतारी, खिडकी उघडली की तो वास आणि बंद केली की जुन्या पडद्याचा कुबट वास. त्या वासात बसून आम्ही जगातल्या सगळ्यात दुःखी लोकांचे चित्रपट पाहिले. आज तो वास आठवला तरी मी नाक दाबते, आणि त्यात मुतारीचा दोष कमी आहे.

चित्रपट दाखवण्याची आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती मात्र सरांनीच आणलेली. त्याचं श्रेय त्यांचं. तिकडच्या देशांत परदेशी सिनेमा दाखवताना एकच माणूस माईकवर सगळ्यांचे संवाद आपल्या भाषेत वाचतो. नवरा, बायको, लहान पोर, घोडागाडीवाला, सगळे त्या एकाच आवाजात. मूळ आवाज खाली मंद चालू राहतो, हा वरून बोलतो. अट एकच, अभिनय करायचा नाही. रडायचं नाही, हसायचं नाही, सपाट वाचायचं. चांगला वाचणारा असला की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो आणि पडद्यावरची माणसंच मराठी बोलतायत असं वाटायला लागतं. आमच्यात हे एकटीला जमायचं, प्रज्ञाला. मी वाचलं की वाक्याच्या शेवटी घोषणा दिल्यासारखा आवाज चढायचा. मुलुंडचा निखिल वाचायचा तेव्हा प्रत्येक पात्र नाटकात काम मागायला आल्यासारखं वाटायचं. प्रज्ञा वाचायची तेव्हा प्रज्ञा नसायचीच.

ते तिला घरून आलेलं. तिचे वडील दिवसा वायरमन आणि जयंतीच्या कार्यक्रमांचे निवेदक. घाटकोपरला टेकडीवर त्यांचं घर, खाली मेट्रोची घरघर, शेजारी कुणाचा तरी मिक्सर, आणि त्या सगळ्यावरून काकांचा आवाज. ते मला म्हणाले होते, ‘निवेदकानं मोठं व्हायचं नसतं, पोरी. ज्याचं नाव घेतो त्याला मोठं करायचं.’ प्रज्ञाला त्यांनी लहानपणी चमचा हातात देऊन माईक किती लांब धरायचा ते शिकवलेलं. त्या फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाची तालीम आम्ही त्यांच्याच घरात केली. काकू बाजरीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायच्या, लॅपटॉप पिंपावर ठेवलेला, आणि काकू येता-जाता विचारायच्या, ‘त्या बाईला गाय भेटली का परत?’ जालन्याकडच्या त्या, गायीत त्यांचा जीव अडकलेला.

कारण चित्रपट गायीचाच होता. काळा-पांढरा, संथ. नदीकाठचं गाव, एक विधवा, तिची एकच गाय. जमीनदाराचा कारभारी येतो आणि थकबाकीपोटी ती गाय घेऊन जातो. मध्यंतरापर्यंत एवढंच घडतं. त्याचं मराठी भाषांतर सरांनीच पूर्वी कधीतरी केलेलं होतं. त्यात गाय गेल्यावर ती विधवा म्हणते, ‘माझ्या अंतःकरणात दुःखाचा महासागर उसळला आहे.’ प्रज्ञाने ते वाक्य वाचलं, थांबली, मागे जाऊन मूळ आवाज पुन्हा ऐकला. मग परत ऐकला. म्हणाली, ‘परब, ही असं बोलतच नाही गं. अर्धे शब्द गिळते ती. समुद्र तिने बघितलाय कुठे?’ आणि तिने तिथे लिहिलं, ‘पोटात नुसता खड्डा पडलाय.’ पुढे आम्ही सगळा चित्रपट तसाच ऐकला आणि जे सापडलं त्याने मी गार पडले. त्या गावातले लोक एक भाषा बोलत होते आणि कारभारी दुसरी. सरांच्या भाषांतरात सगळ्यांची एकच होती. प्रज्ञाने बायांना जालन्याकडची, टेकडीवरची, तिच्या घरातली मराठी दिली. कारभाऱ्याला शुद्ध दिली. तो मूळ भाषेत हुकूम सोडतच नाही. ‘चला, आपण’ असंच म्हणतो प्रत्येक वेळी, अतिशय अदबीने, हातमोजा काढत काढत. त्याचं मराठीत काय होतं ते कुणाही मराठी माणसाने सांगावं. तिने तेच लिहिलं. बदललेला सगळा मजकूर तिने कार्यक्रमाच्या आधीच सरांना नेऊन दिला. ते म्हणाले, ‘छान, बघतो.’ त्यांनी तो उघडला नाही. वाहुळेचं काय बघायचं, असं त्यांना वाटलं असेल.

त्या वर्षी आमच्यातल्या एकाला सहामाहीसाठी तिकडच्या विद्यापीठात पाठवायचं होतं, विभागाच्या शिफारशीने. ती जागा प्रज्ञाचीच, हे निखिलसुद्धा म्हणायचा. काकूंनी सहा महिने टिकेल अशी जवसाची चटणी करून बघितली होती, हवाबंद डब्यात, ‘तिकडं काय खाईल ही’ म्हणत.

सभागृह भरलं होतं. दुसऱ्या विभागांचे प्राध्यापक, काही पालक, तिसऱ्या रांगेत काका आणि काकू, काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. प्रज्ञा पडद्याच्या बाजूला छोट्या दिव्याखाली बसली. सुरुवातीला लोक चुळबुळले, मग शांत झाले, मग ती ऐकू येईनाशी झाली. कारभारी अंगणात आला. त्याने हातमोजा काढला, गायीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि प्रज्ञाने सपाट आवाजात वाचलं, ‘आपण असं करू या का, गाय आम्ही घेऊन जातो, तुम्ही आत जाऊन बसा. बाहेर गारठा आहे.’ मग दुसऱ्या रांगेतून निखिलचं नाकातलं हसू फुटलं, आणि मागून सगळं सभागृह फुटलं. प्राध्यापक हसले. माझ्या शेजारची मुलगी ओढणी तोंडात कोंबून हसली. पडद्यावर बाई गायीच्या दाव्याला लटकलेली आणि खाली हे. प्रज्ञाने मान वर करून गोंधळून बघितलं. तिला खरोखर कळलं नव्हतं. मला कळलं होतं, कारण मी सरांकडे बघत होते. ते ओठांनी हसत होते.

मध्यंतरात बटाटेवडे होते. लोक वडे खात होते आणि कारभाऱ्याचं ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होते. दिवे मालवायच्या वेळी सर तिच्याजवळ गेले, माईक घेतला आणि तिच्या खुर्चीवर बसले. उरलेला अर्धा चित्रपट त्यांनी वाचला, आपल्या जुन्या भाषांतरातून. ती विधवा बर्फातून चालत वाड्यावर जाते, दारात बसून राहते, आणि शेवटी बोलते, ‘महाशय, माझ्या एकमेव आधाराचा असा अपहार होऊ नये.’ कारभारीही त्याच मराठीत उत्तर देतो. कोण कुणाची गाय नेतंय तेच कळेना. कुणी हसलं नाही. लोकांनी शेवटी टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांनी दुपारी हसताना डोळे पुसले होते त्यांनीच जास्त वाजवल्या.

काकू मध्येच उठायला लागल्या होत्या. काकांनी त्यांचा हात धरून बसवलं. ‘कार्यक्रम चालू असताना उठायचं नसतं,’ एवढंच ते म्हणाले. माईक हातातून जाणं म्हणजे काय ते त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणाला कळलं नसेल, आणि ते शेवटपर्यंत ताठ बसून राहिले, मांडीवर हात ठेवून. जाताना त्यांनी सरांना नमस्कारही केला. तो नमस्कार सरांनी घेतला. मला अजून शिसारी येते.

सोमवारी बैठक झाली. सर, आणखी दोन प्राध्यापक, आणि ‘साक्षीदार’ म्हणून आमच्यातले सहा जण, त्यात मी. विषय होता, शिक्षकांची जाहीर विटंबना. प्रज्ञा उभी राहून म्हणाली, ‘सर, मूळ वाक्य बघा. तो तिला हुकूम देत नाही. चला, आपण, असंच म्हणतो. मी तुम्हाला आधी दाखवायला दिलं होतं.’ सर म्हणाले, प्रश्न मूळ वाक्याचा नाही, हेतूचा आहे. मग एकेकाला विचारलं. बाकी पाचही जणांनी सांगितलं, तिने सरांची नक्कल केली म्हणून हसू आलं. निखिलने सांगितलं. ओढणीवालीने सांगितलं, खाली बघत. मी म्हणाले, तिने आवाजसुद्धा बदलला नव्हता, नक्कल कसली. सर माझ्याकडे वळले. ‘आपण असं करू या का, परब, तू जरा बाहेर थांब.’

आणि या वेळी कुणालाही हसू आलं नाही.

संध्याकाळी टपरीवर मी निखिलला गाठलं. कटिंग हातात, तोंड नेहमीचं. म्हणाला, यार परब, तू पण ना, किती ताणतेस, मी खोटं काय बोललो, सगळेच हसले ना?

‘तू का हसलास?’

‘सर आठवले म्हणून.’

‘मग तिने नक्कल केली, की तुला सर आठवले?’

‘तेच ना ते.’

‘तेच नाही, निखिल.’

त्याने चहा संपवला. म्हणाला, ‘जाऊ दे ना. तिला काय, पुढच्या वर्षी मिळेल.’ पुढच्या वर्षी ती योजनाच बंद झाली. त्या वर्षी तो गेला. तिथून बर्फात उभा असल्याचे फोटो पाठवायचा, आणि आमच्या गटावर लोक त्याला झकास म्हणायचे. आजही तो मला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो. वाईट मुलगा नाही, असं सगळे सांगतात. असेल. मला वाईट मुलांचा इतका त्रास कधी झाला नाही.

मी पत्रक काढलं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी छापली, मूळ आणि मराठी, आणि विचारलं की यात चूक दाखवा. फाटकाशी उभी राहून वाटलं. घेणारे आधी विचारायचे, ‘यात आमची नावं नाहीत ना?’ नाहीत म्हटल्यावर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी ते पत्रक विभागाच्या फलकावर लावलेलं दिसलं, सरांच्या हातच्या लाल शाईच्या दुरुस्त्यांसह, आणि खाली शेरा, ‘तळमळ उत्तम, मांडणीत संयम हवा.’ पोरं त्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. सर किती मोठ्या मनाचे, म्हणत होती. आईला संध्याकाळी सांगितलं तर तिने मसाला ढवळता ढवळता विचारलं, ‘आणि त्या चेडवाचा काय?’ पत्रकाच्या नादात त्या दिवशी मी प्रज्ञाला फोनही केला नव्हता.

प्रज्ञा एम.ए. झाली. आता घरी बसून परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. तुम्ही त्यातलं काहीतरी नक्की पाहिलंय, नाव कुठे येत नाही. तिने पीएच.डी.ला दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा मुलाखतीत तिला भाषेबद्दल एक प्रश्न विचारला आणि त्या सोमवारबद्दल चार, कारण बैठकीचा शेरा तिच्या कागदपत्रांबरोबर फिरतो. शिक्षकांची जाहीर विटंबना, पाच विद्यार्थ्यांच्या साक्षीने सिद्ध. दरम्यान विभागात आता दर वर्षी बोलीभाषेतून चित्रपटवाचन होतं. नट बोलावतात. सर प्रास्ताविकात सांगतात की खेड्यातल्या माणसाला त्याचीच भाषा दिली पाहिजे, हे आम्ही प्रथम ओळखलं. मागच्या खेपेला मी जाऊन ऐकून आले. टाळ्या पडल्या. चहाबरोबर बटाटेवडेच होते.

प्रज्ञाने या जूनमध्ये तिसऱ्यांदा अर्ज केला आहे. हे प्रकरण लिहितेय म्हटल्यावर ती म्हणाली, ‘परब, माझ्यासाठी कुणी हळहळू नये. मला सह्यांची मोहीम पण नको. जे हसले त्यांनी का हसले ते सांगावं, बस.’ तिचं बरोबर आहे. शेरा सरांचा असला तरी तो उभा आहे तो साक्षींवर, आणि साक्षी आपल्या आहेत.

तेव्हा आता तुमच्याशी बोलते. त्या शनिवारी ते सभागृह भरलेलं होतं. जे तिथे होते ते आज शिक्षक आहेत, बँकेत आहेत, वर्तमानपत्रात आहेत, मराठी पुस्तकं वाचतात. हे पुस्तक त्यांच्यातल्या काहींच्या हातात पडणारच. तुम्ही स्वतः नसाल तर तुमची बहीण असेल, मित्र असेल, वडे खाऊन ते वाक्य म्हणून दाखवणारा एखादा सहकारी असेल; हे पान त्याच्यासमोर ठेवा. मला तुमची माफी नको आणि तिलाही नको. विद्यापीठाच्या कुलसचिवांना लिहा, की मी त्या दुपारी तिथे होतो, मी हसलो कारण मला सर आठवले, प्रज्ञा वाहुळेने कुणाचीही नक्कल केली नव्हती. खाली तुमचं पूर्ण नाव लिहा. तिची मुलाखत व्हायची आहे अजून. त्याच्या आधी पाठवा.